सात नंबरच्या बेडजवळचा माणूस

"सिस्टर... बायकांच्या वॉर्डात सकाळी नऊला आत सोडतात का?"

मन्नाएखेळ्ळीहून बीदरची बस नुकतीच सुटली होती. बाहेर भाद्रपदातला भुरभुर पाऊस होता, खिडकीच्या फटीतून पाणी आत येत होतं आणि मी पांढरा युनिफॉर्म वाचवत अंग चोरून बसले होते. प्रश्न मागच्या सीटवरून आला होता. वळून पाहिलं, तर सत्तावीस-अठ्ठावीसचा एक तरुण. निळ्या चौकटीचा शर्ट, खिशाला पेन, ओले केस कपाळावर आलेले. दिसायला बरा होता. खरं सांगायचं तर चांगलाच बरा होता, आणि म्हणूनच मी सावध झाले.

"बायकांच्या वॉर्डात तुमचं काय काम?"

"आज्जी हाय माझी. परवा दाखल केलंय."

कुठला दवाखाना, कितवा मजला, हे मी त्याच्याकडून काढून घेतलं. दवाखाना माझाच, मजला माझाच, वॉर्डही माझाच. चाळीस माणसांच्या बसमध्ये याला विचारायला नेमकी मीच सापडले? युनिफॉर्म पाहून विचारलं असेल, असं एखाद्या साध्या मुलीला वाटलं असतं. मी साधी नव्हते. निदान त्या आठवड्यात तरी नव्हते.

"सोडत न्हाईत," मी खोटंच ठोकून दिलं आणि तोंड खिडकीकडे केलं.

त्याला कारण होतं. मी स्नेहा, नर्सिंगच्या पदवीचं शेवटचं वर्ष, इंटर्नशिप संपायला जेमतेम महिना उरलेला. आमच्या दवाखान्यात स्टाफ नर्सच्या दोन जागा भरायच्या होत्या आणि इन्चार्ज सिस्टरचा अहवाल चांगला असेल त्या मुलीला त्या मिळणार होत्या. माझ्या आप्पांचं, म्हणजे गुंडेरावांचं, हायवेवर खताचं दुकान आहे. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: नोकरी लागली तर कर, नाही लागली तर मार्गशीर्षात लग्न. स्थळ भालकीकडचं होतं. मुलगा चांगला, दुकान चालतं, फक्त घरच्यांना ड्युटीला जाणारी सून नको होती. चार वर्षं शिकलेलं सगळं मी ट्रंकेत घालून ठेवायचं होतं.

आदल्या संध्याकाळी आप्पांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ते लोक मुलगी बघायला येण्याआधी कुणाला तरी पाठवून गुपचूप चौकशी करणार होते. आमच्याकडे ही पद्धतच आहे. मुलगी मास्तरीण असेल तर शाळेच्या आसपास विचारतात, नर्स असेल तर वॉर्डातच येऊन बसतात. कुणाशी बोलते, कशी हसते, परक्या माणसाचा हात नाडी बघायला कसा धरते, सगळं टिपतात. "कायबाय कानावर आलं," आप्पा म्हणाले होते, "तर नोकरीची वाट बी बघायची न्हाई. दुसऱ्या दिवशी घरी."

आणि दुसऱ्याच सकाळी हा!

वॉर्डात पोचले, तर सात नंबरच्या बेडजवळ स्टुलावर तो बसलेला. मला बघून उठून उभा राहिला.

"सोडले की ओ सिस्टर," तो म्हणाला, आणि हसला. हसताना त्याचा एक गाल आत जात होता. मी ते मुद्दाम पाहिलं नाही, दिसलं.

सात नंबरवर वच्छलाबाई होत्या, त्याची आजी. चक्कर येऊन पडलेल्या, बीपी वाढलेलं, नवी गोळी चालू केलेली. बायकांच्या वॉर्डात पुरुषमाणसाला बसू देत नाहीत, पण त्याची आई पाय मोडून घरी पडली होती आणि दुसरं कुणी नव्हतं, म्हणून सिद्धम्मा सिस्टरनं त्याला सकाळचे तीन तास दिले होते. सिद्धम्मा सिस्टर म्हणजे आमची इन्चार्ज. ठेंगणी, केसांत रोज एकच शेवंतीचं फूल, आणि चालताना चपलेचा आवाज न येणारी. माझी नोकरी तिच्या पेनात होती.

मी वच्छलाबाईंचं बीपी घेतलं की तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा आणि खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहायचा. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मला राहवलं नाही.

"काय लिहायलाव?"

"वेळ."

"कशाची?"

"तुमची..." मग माझा चेहरा पाहून तो गडबडला. "म्हंजे... तुमी बीपी कवा घेतलाव, त्याची. आज्जीची गोळी नवी हाय ना."

"शिवराज, पोरीला काम करू दे," वच्छलाबाई झोपल्या झोपल्या म्हणाल्या. तेव्हा नाव कळलं. बाकीचं मी टप्प्याटप्प्यानं काढून घेतलं, अगदी पोलिसासारखं. बीदरजवळच्या कोळारला औषधाच्या कारखान्यात होता, तपासणीच्या कामावर, दुपारच्या पाळीला. कोळारचा चहा कसा आहे म्हणून मी सहज विचारून बघितलं, तर म्हणाला, बाहेरचा चहा पिऊन आत गेलं की हात परत धुवावे लागतात, म्हणून तो पीतच नाही. इतकं नीटनेटकं उत्तर मला पाठ केल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी तर त्यानं कमालच केली. मी थर्मामीटर पुसत होते आणि तो खिडकीबाहेरच्या तांबड्या चिखलाकडे बघत म्हणाला, "रात्रपाळी बी असती का तुमाला?"

"असती."

"आन्... लग्न झाल्यावर बी करतात का पोरी ही नोकरी?"

थर्मामीटर माझ्या हातून सुटता सुटता राहिलं. "कुणाला सांगायचं हाय?" मी विचारलं.

"कुणाला न्हाई," तो म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते. खोटं बोलणाऱ्या माणसाचे कान असेच लाल होतात, असं मी ठरवून टाकलं.

त्या वॉर्डात माझा विश्वास एकाच माणसावर होता. आठ नंबरच्या बेडवर एक बाई पोटाच्या दुखण्यानं होत्या आणि त्यांच्याजवळ त्यांची जाऊ सरस्वतीबाई बसायची. इतकी गोड बाई मी पाहिली नव्हती. माय, बस जरा, पाय दुखत असतील म्हणायची, घरच्या चकल्या कागदात बांधून द्यायची. मी तिला सगळं सांगितलं. नोकरीचं, आप्पांच्या अटीचं, भालकीच्या स्थळाचं, सगळं. शिवराजचा मला कसा संशय येतो तेही. तिनं माझा हात हातात घेतला आणि मान डोलावली. "व्हय माय, मला बी तो तसलाच वाटायलाय. तू जपून ऱ्हा."

मी जपून राहत होते. तरीही युनिफॉर्मला दोनदा इस्त्री करू लागले होते. चौकशीवाल्यासमोर नीट दिसावं म्हणून, असं मी स्वतःला सांगायची. सात नंबरजवळ गेले की तो न सांगता स्टूल बाजूला सरकवायचा, मला वाकायला लागू नये म्हणून आजीचा हात उशीवर ठेवायचा, आणि मी नाडी मोजत असताना श्वाससुद्धा हळू घ्यायचा. पेशंटचे नातेवाईक नाडी मोजताना नेमकं तेव्हाच बोलतात, हे कुठल्याही नर्सला विचारा. हा एकटाच गप्प राहायचा. त्याच्या त्या गप्प राहण्यानं माझे आकडे चुकत होते.

सिद्धम्मा सिस्टरच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. एकदा औषधाच्या कपाटाजवळ तिनं मला थांबवलं.

"एनम्मा, काय गं, त्या पोराकडं कामून अशी डोळे वटारून बघायलीस?"

मी सांगितलं, मला संशय येतो. ती हसली नाही. हातातली बाटली माझ्यासमोर धरली, लेबल वाचायला लावलं, तारीख वाचायला लावली, परत कपाटात ठेवली. मग म्हणाली, "नर्सनं संशय घ्यावाच. बाटलीवर घ्यावा, लेबलावर घ्यावा, डॉक्टरच्या अक्षरावर घ्यावा. आन् सगळ्यात जास्त सोताच्या हातावर घ्यावा. तू तुझा सगळा संशय एका पोरावर उधळायलीस. कामाला काय उरंल?"

मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं.

बीदरचं एक आहे. आभाळ मोकळं झालं की एअर फोर्सची शिकाऊ विमानं सकाळपासून डोक्यावरून फेऱ्या मारतात. खिडक्यांच्या काचा थरथरतात, शिकवणारे शिक्षक वाक्य अर्धं सोडून थांबतात आणि विमान गेल्यावर तिथूनच पुढे बोलतात. आम्हाला पहिल्याच दिवशी सिद्धम्मा सिस्टरनं सांगितलं होतं, विमान वर आहे तोवर कानात नळी घालायची नाही. बीपी घेताना जो ठोका ऐकायचा असतो तो इतका हलका, की त्या आवाजात ऐकूच येत नाही. थांबायचं, जाऊ द्यायचं, मग घ्यायचं.

चार दिवसांच्या पावसानंतर गुरुवारी लख्ख ऊन पडलं आणि विमानांना जणू उधाण आलं. एक गेलं की दुसरं. अकराला डॉक्टरांची फेरी, त्याआधी चौदा पेशंटची बीपी चार्टवर लिहून हवीत. साडेदहाला मी सात नंबरशी पोचले. पट्टा बांधला, हवा भरली, कानात नळी घातली, आणि वरून विमान आलं. काही म्हणता काही ऐकू येईना. परत हवा भरली. परत विमान.

शिवराज बघत होता. आठ नंबरवरून सरस्वतीबाईही बघत होती. माझ्या मनात आलं, आता मी तिसऱ्यांदा इथे पट्टा धरून थांबले, तर हा लिहील की पोरगी माझ्याच बेडजवळ रेंगाळते. मला तिथून निघायचं होतं. कालचं बीपी एकशे तीस-ऐंशी होतं, परवाचंही तेवढंच. मी चार्टवर एकशे तीस-ऐंशी लिहिलं, सही केली आणि पुढे गेले. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, हे सांगायला मला आजही लाज वाटते.

डॉक्टर आले, चार्ट पाहिला, छान म्हणाले, गोळी तशीच चालू ठेवायला सांगून गेले. मी गोळ्यांचा ट्रे घेऊन निघाले, तर शिवराज वॉर्डाबाहेर व्हरांड्यात उभा होता.

"सिस्टर, आज्जीचं बीपी परत घेता का?"

"कामून? आत्ताच घेतलेय की."

"विमान जायलतं तवा," तो म्हणाला, इतक्या हळू की बाजूनं जाणाऱ्या आयालाही ऐकू गेलं नाही. "तुमाला काय ऐकू आलं असंल?"

माझ्या अंगाचा संताप झाला. धरलंच शेवटी यानं, मला वाटलं. आता वहीतलं सगळं भालकीला जाणार. पण ट्रेमध्ये सात नंबरची गोळी होती, आणि ती माझ्या हातानं त्या म्हातारीच्या तोंडात जाणार होती. मी आत जाऊन परत पट्टा बांधला. विमान नव्हतं. मी नीट ऐकलं.

चौऱ्याण्णव-साठ.

"सकाळपास्नं गरगरायलंय माय," वच्छलाबाई पुटपुटल्या. "तुला सांगनार होते, तू घाईत होतीस."

नव्या गोळीनं बीपी गरजेपेक्षा खाली आलं होतं आणि वर मी आणखी एक गोळी देणार होते. काय झालं असतं, त्याचा विचार मी तेव्हा केला नाही, नंतर घरी जाऊन केला आणि जेवले नाही.

गोळी मी बाजूला ठेवली. पण चार्ट तसाच होता. आता खाली नवी वेळ टाकून चौऱ्याण्णव-साठ लिहायचं आणि डॉक्टरांना कळवायचं, एवढं पुरे होतं. अर्ध्या तासात बीपी उतरलं म्हणून कुणी मला फाशी दिली नसती. वरचा खोटा आकडा कुणाच्या बापाला कळला नसता. फक्त याला माहीत होता. मी वर पाहिलं. शिवराज खिडकीबाहेर बघत होता, मला बघायचं नाही असं ठरवल्यासारखा. त्यानं धमकी दिली नाही, आर्जव केलं नाही, काहीच केलं नाही. ते ठरवायचं काम माझ्यावर सोडून तो मोकळा झाला होता. त्याचा मला भयंकर राग आला.

मी पेन काढलं. एकशे तीस-ऐंशीवर एकच आडवी रेघ मारली, आकडा खाली वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं, चुकीची नोंद, ठोका ऐकू आला नव्हता. वेळ टाकली, सही केली. आणि चार्ट घेऊन सिद्धम्मा सिस्टरसमोर जाऊन उभी राहिले.

तिनं वाचलं. माझ्याकडे पाहिलं. "बा," म्हणाली, म्हणजे चल, आणि मला डॉक्टरांपुढे नेऊन माझ्याच तोंडानं सांगायला लावलं. ते जे बोलले ते मी लिहीत नाही. अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. गोळी बंद झाली, वच्छलाबाईंना सलाइन लागलं, आणि सिद्धम्मा सिस्टरनं चुकांच्या रजिस्टरात माझं नाव लिहिलं. आठ दिवस औषधाच्या ट्रेला हात लावायचा नाही. अहवालाचं विचारलं तर एवढंच म्हणाली, बघू.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, भालकीहून आप्पांना फोन आला. तुमच्या पोरीला डॉक्टरनं सगळ्यांदेखत झापलं, आणि सात नंबरजवळच्या एका तरण्या पोराशी तिचं बोलणं-चालणं आहे. आप्पा दुकानातून लवकर घरी आले. रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. "त्यांचं मानूस आठ दिवस झालं वॉर्डातच बसून हाय म्हनं," ते म्हणाले. "सोमवारी मी येतो दवाखान्यात. सामान आवरून ठेव."

शनिवारी मी वॉर्डात गेले ती सरळ सात नंबरवर. शिवराजला व्हरांड्यात बोलावलं आणि जे काही मनात साठलं होतं ते सगळं ओतलं, अगदी आप्पांच्या नोकरी-लग्नाच्या अटीसकट. चौकशीच करायची होती तर सरळ करायची, आजीच्या नावाखाली कशाला. डॉक्टरांनी झापलं ते सांगितलंस, ठीक आहे, खरं आहे. पण तुझ्याशी बोलते हे तूच कसं सांगितलंस? लाज नाही वाटली? मी बोलताना रडले, हेही सांगून टाकते.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मी कुनाचा मानूस न्हाई," शेवटी तो म्हणाला. "मी आज्जीचा मानूस हाय." आणि वही माझ्या हातात दिली.

पानापानांवर वेळा आणि आकडे होते. माझं नावही कुठे नव्हतं, फक्त सिस्टर. गुरुवारी साडेदहासमोर आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं: विमान. परत घ्यायला सांगणे.

मला विश्वास ठेवायचा होता, फार ठेवायचा होता. पण एवढ्या दिवसांचा संशय एका पानानं जातो होय? मी वही परत दिली आणि बघते म्हणून निघाले.

तासाभरात आठ नंबरला सुट्टी झाली. सरस्वतीबाईनं पिशव्या भरल्या, माझ्या गालावरून हात फिरवला, डोळ्यांत पाणीबिणी आणलं. "येते माय. गुंडेरावाला नमस्कार सांग."

ती जिना उतरून गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तिला आठ दिवसांत पुष्कळ काही सांगितलं होतं. आप्पा, आप्पा म्हणत सांगितलं होतं. आप्पांचं नाव मात्र मी एकदाही घेतलं नव्हतं.

मी तशीच व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. तिच्या चकल्या खाल्ल्या होत्या मी, आणि वर आणखी मागितल्याही होत्या. हसावं की रडावं कळेना. शिवराज पाण्याची बाटली भरायला आला तेव्हा माझं तोंड पाहून थांबला.

"काय झालं?"

"चौकशीवाली कळली," मी म्हणाले. "तुमी न्हाई."

"मग बरं झालं की."

"माफ करा... मी लई बोलले तुमाला."

"बोललाव," त्यानं मान्य केलं. मग गाल आत घेऊन हसला. "पण पाच-सा दिवसांत माझ्याकडं तोंड करून एवढं बोललाव, हे बी पयल्यांदाच."

मी मान खाली घातली. नाडी मोजायला त्या वेळी कुणी नव्हतं म्हणून बरं.

सोमवारी आप्पा आलेच. धोतर-टोपीत, वॉर्डाच्या दाराशी चपला काढून. मी काही बोलण्याआधी सिद्धम्मा सिस्टर पुढे झाली. आप्पांनी विचारलं, पोरीनं चूक केली हे खरं का? ती म्हणाली, खरं. रजिस्टर उघडून दाखवलं. आप्पांचा चेहरा पडला. मग तिनं चार्ट काढला आणि त्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं.

"गुंडेरावअण्णा, सव्वीस वर्सं झाली मला हितं. खोटा आकडा लिवनाऱ्या पोरी मी मोजल्या न्हाईत, लई हायत. सोताहून येऊन सांगनाऱ्या मोजल्यात. चार झाल्या. तुमची चौथी."

आप्पांनी वाकून ती रेघ नीट पाहिली. "मग अहवालात तसं लिवनार का?" त्यांनी विचारलं.

"लिवनार. चूक बी लिवनार आन् रेघ बी लिवनार. पुढं तिचं नशीब."

आप्पा मला न घेता परत गेले. यादी लागेपर्यंत थांबतो म्हणाले. भालकीच्या लोकांनी त्याआधीच नकार कळवला होता, पण स्थळांची काय कमी असते? यादीत नाव नसतं, तर मार्गशीर्ष होताच.

मंगळवारी वच्छलाबाईंना घरी सोडलं. बीपी छान होतं, मी तीनदा घेतलं. त्या रिक्षात बसल्यावर शिवराज परत वर आला, काहीतरी विसरल्यासारखा. विसरलं काहीच नव्हतं.

"सिस्टर... स्नेहा," तो म्हणाला. पहिल्यांदा नाव घेतलं. "मी त्या दिवशी इचारलो होतो ना, लग्नानंतर पोरी नोकरी करतात का..."

"व्हय. कामून इचारलाव ते?"

"करत असतील तर मला पुढचं इचारता यील, म्हनून." त्यानं खिशाचं पेन उगाच काढलं, परत लावलं. "पन आत्ता इचारनार न्हाई. तुमची यादी लागू दे. न्हाईतर तुमाला वाटंल, नोकरी न्हाई तर लग्न, त्यातलंच हे बी एक. पन एक सांगतो. चार वर्सं झाली मला कारखान्यात. सोताच्या अक्षरावर सोताहून रेघ मारताना मी कुनाला बगितलो नव्हतो. तुमी मला लई आवडलाव."

आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरून गेला. मी दिवसभर ट्रे नसलेल्या हातांनी वॉर्डात फिरत होते आणि चारजणींनी मला विचारलं, एकटीच कशाला हसायलीस.

मुलाखतीला तीन माणसं होती. अहवाल वाचून एकानं चष्मा वर केला आणि विचारलं, ही चूक काय आहे? मी विमानापासून सगळं सांगितलं. सात नंबरजवळच्या माणसाचा भाग तेवढा गाळला. पुढे तशी वेळ आली तर काय कराल, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, थांबेन, फेरीला उशीर झाला तरी थांबेन. तिघांत एक बाई होत्या, त्यांनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, याचा मी दहा दिवस संशय घेत राहिले.

यादी लागली. दोन जागा, दुसरं नाव माझं. आप्पांनी दुकानात येईल त्याला पेढा दिला आणि मला म्हणाले, "आता तूच सांग, लग्नाचं कवा बगायचं ते." त्यांच्या तोंडून हे ऐकून मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडलेही.

मग मी आणखी एक काम केलं. रात्रपाळी होती त्या दिवशी दुपारी कोळारला गेले आणि शिवराजच्या कारखान्याच्या गेटावर उभी राहिले. तिथल्या वॉचमनचं नाव काशप्पा होतं. त्याला म्हटलं, शिवराज नावाचा माणूस कसा आहे, लग्नाची चौकशी आहे.

काशप्पानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोरगीच चौकशीला आली व्हय?" मग विचार करून म्हणाला, "दारू न्हाई, तंबाकू न्हाई. पन लई तापदायक. माझं घड्याळ दोन मिन्टं पुढं हाय म्हनून रोज सांगतो. काम बी इतकं सावकाश, की सगळ्यात शेवटी भायर पडतो."

एवढ्यात दुपारच्या पाळीची माणसं येऊ लागली. त्यांत तो होता. मला गेटावर पाहून मधेच थांबला, मागच्याचा धक्का लागला तरी कळलं नाही.

"तुमी... हितं?"

"चौकशी करायलेय."

"कुनाची?"

"एका सावकाश मानसाची." मी एका दमात पुढचंही बोलून टाकलं. "यादी लागली. नाव हाय माझं. आता तुमी पुढचं इचारनार होताव म्हनं."

त्यानं काशप्पाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले, आणि या वेळी मला त्याचं कारण चांगलं माहीत होतं.

"माझ्याशी लग्न करनार का?" त्यानं विचारलं. गेटावर, सगळ्यांसमोर, हातात डबा घेऊन.

"व्हय," मी म्हणाले. मला तो हवा होता. किती दिवसांपासून हवा होता, हे बोलताना कळलं.

"मग मी आजच येतो आप्पाकडं. रजा काढतो. तुमी बी चला."

"आज न्हाई," मी म्हणाले. "आज माझी ड्युटी हाय."

"बरं," तो म्हणाला. "रविवारी येतो." आणि मला बस चुकू नये म्हणून स्वतःच रस्त्यात जाऊन हात दाखवून बस थांबवली.